शुक्रवारच्या पत्राची ट्रायल

जगातला सगळ्यात चिवट किल्ला कोणता, असं पत्रबाईंना कोणी विचारलं असतं, तर त्यांनी डोळ्याचं पातं न लवता उत्तर दिलं असतं: सातवीतल्या पोराचं "काही नाही".

"आज शाळेत काय केलं?"

"काही नाही."

"भाषेच्या तासाला काय शिकवलं?"

"काही नाही."

"अरे, मग बाई पंचेचाळीस मिनिटं तिथं उभ्या राहून काय करत होत्या?"

"काही नाही."

हा संवाद चाळीस घरांत रोज संध्याकाळी, दप्तर कोपऱ्यात भिरकावलं जाताना होतो, हे बाईंना कळलं ते नऊ वर्षांपूर्वीच्या एका पालकसभेत. लोखंडी दरवाजे बनवणारे एक वडील उभे राहिले. भला माणूस, हाताच्या रेषांत काजळी मुरलेली. म्हणाले, "रागावू नका बाई. गणितात काय चाललंय ते वहीत दिसतं. विज्ञानाचंही दिसतं. पण भाषेत तुम्ही नेमकं शिकवता काय? बोलता तर याला येतंच. जरा जास्तच येतं."

सगळे हसले. बाईही हसल्या. पण तो प्रश्न चपलेत शिरलेल्या खड्यासारखा घरापर्यंत टोचत आला, आणि पुढच्या शुक्रवारी एका पानावर उतरला तेव्हाच थांबला.

तेव्हापासून सुट्ट्या सोडल्या तर एकही शुक्रवार चुकला नव्हता. शेवटच्या तासाला चाळीस पानं चाळीस दप्तरांत जायची. या आठवड्यात काय वाचलं, वर्गात कशावरून वाद पेटला, पुढच्या आठवड्यात काय लिहून आणायचंय. मग पालकांसाठी एक चोरवाट: 'जेवताना विचारा, गोष्टीतल्या म्हाताऱ्यानं शेवटी दार का उघडलं नाही. उत्तर "काही नाही" आलं, तर धडा वाचलेला नाही असं समजा.' आणि तळाशी एका चौकटीत 'या आठवड्यातलं वाक्य'. कुणातरी मुलानं लिहिलेलं, बाईंना आवडलेलं, नाव न घालता छापलेलं. त्याखाली कापून परत पाठवायची चिठ्ठी: पालकांची सही, आणि वाटलं तर दोन ओळी.

वाटायचं बऱ्याच जणांना. एका आजींनी कळवलं होतं की म्हाताऱ्यानं दार उघडलं नाही ते बरंच केलं, त्यांनीही उघडलं नसतं. एका वडिलांनी पत्रातल्या शुद्धलेखनाच्या दोन चुका लाल शाईनं दुरुस्त करून खाली 'प्रयत्न चांगला' असा शेरा मारला होता. ती चिठ्ठी बाईंनी कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवली होती. कधी डोक्यात हवा गेली, तर कपाट उघडायचं.

मुलांनी त्यांचं नाव पत्रबाई ठेवलं होतं. ते आपल्याला ठाऊक नाही असं बाई मोठ्या मेहनतीनं दाखवायच्या. बुटक्या, चालायला भराभर, आणि आवाज असा, की कुजबुजल्या तरी मागच्या बाकावरचा दचकून जागा व्हावा.

"अहो, ग्रुपवर टाकून मोकळं व्हा ना," शिक्षकांच्या खोलीत गणिताचे सर दर शुक्रवारी न चुकता म्हणायचे. "झेरॉक्सचं मशीन तुम्हाला बघून कण्हायला लागतं."

"ग्रुपवर टाकलं की फुलांच्या फोटोंखाली गाडलं जातं, सर. कागद घरात फिरतो. कुणी त्याच्यावर कप ठेवतं, मग कप उचलताना वाचतं."

"पण एवढं सगळं तुम्हीच सांगितलंत, तर पोरांना सांगायला उरलं काय?"

"'काही नाही' उरलंय की. ते सांगतातच."

सर चहात हसायचे. बाईंच्या स्वतःच्या घरात मात्र हा विनोद फारसा चालत नसे. त्यांचा मुलगा दहावीत होता, दुसऱ्या शाळेत. "आज काय झालं रे?" म्हटलं की तो कानातली वायर अर्धी काढून म्हणायचा, "काही नाही. आमच्या बाईंना सांगू का तुला पत्र पाठवायला?"

*

त्या वर्षीच्या वर्गात दुसऱ्या बाकावर एक मुलगी होती. शाळेजवळच्या बाजाररस्त्यावर तिच्या आजोबांचं शिंपीकामाचं दुकान. तिला सगळे सुई म्हणायचे, आणि हे नावही आजोबांचंच: "बारीक, टोकदार, आणि हरवली की घरभर शोधत बसावं लागतं." बोलायची कमी. लिहायला बसली की मात्र पेन थांबायचं नाही. तिच्या घरची चिठ्ठी नेहमी कागदाला टाचणी लावून यायची, स्टेपल करून कधी नाही, आणि तिच्यावर आईची फक्त सही. दोन ओळी कधीच नाहीत. पण टाचणी इतकी सरळ लावलेली असायची, की बाईंना तोच एक अभिप्राय वाटायचा.

सहामाही झाल्यावर बाईंनी विषय दिला: 'घरातलं असं एक काम, जे कुणाला दिसत नाही.' बहुतेकांनी आईवर लिहिलं, आणि आईनं ते वाचावं अशा बेतानं लिहिलं. एकानं लिहिलं की फ्रिजचं दार लावल्यावर आतला दिवा खरंच विझतो का, हे तपासण्याचं काम त्याच्याकडे आहे, आणि घरात त्याची कुणालाच कदर नाही. सुईचं पान शेवटून तिसरं होतं.

'आमच्या दुकानात शर्टाची काजं मी करते. आजोबांचे हात थरथरतात. सुईत दोरा ओवताना ते खिडकीकडे तोंड करून बसतात, म्हणजे आईला वाटतं उजेड शोधतायत. मग मी ओवते, आणि काजंही करते. गिऱ्हाईक म्हणतं, हात अजून तसाच आहे हो तुमचा. आजोबा म्हणतात, हात तसाच आहे, फक्त लहान झालाय.'

बाईंनी पान खाली ठेवलं. मग पुन्हा उचललं. मग उठून खोलीत दोन येरझाऱ्या घातल्या.

"काय झालं? विंचू चावला?" गणिताचे सर.

"ऐका." बाईंनी वाचून दाखवलं. शेवटच्या वाक्याला सरांनी चहाचा कप हळूच बशीत ठेवला, हे बाईंनी टिपलं. गणिताच्या माणसाला गप्प करणं म्हणजे काही साधी गोष्ट नाही.

"छापणार?"

"हे नाही छापलं, तर आजवरचं सगळं कशाला छापलं?"

"नाव नाही ना घालत?"

"नाव कधीच नाही," बाई म्हणाल्या, आणि त्यांना अगदी निर्धास्त वाटलं. नऊ वर्षांत या नियमानं कधी दगा दिला नव्हता. खिडकीचं वाक्य त्यांनी जागेअभावी गाळलं. थरथर, काजं आणि लहान झालेला हात शुक्रवारी चाळीस घरी गेला.

*

सोमवारी सुईच्या घरची चिठ्ठी आली. टाचणी नव्हती. सहीही नव्हती. चिठ्ठी कोरी होती.

तिसऱ्या तासाला बाईंनी वह्या गोळा केल्या. सुईच्या वहीत तारीख होती, खाली समास आखलेला होता, आणि बाकी पान पांढरंफटक. बाई काही विचारणार, तोच शिपाईकाका दारात. "बाई, मोठ्या बाईंनी बोलावलंय. पालक आलेत."

मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. त्यांच्या खोलीत सुईची आई बसली होती, खुर्चीच्या अगदी कडेला. गळ्यात मापाची टेप तशीच राहिली होती. दुकानातून उठून सरळ आली असावी.

"बाई, मी तुमचं पत्र दर शुक्रवारी वाचते," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, आणि त्यामुळे जास्तच लागत होता. "या शुक्रवारी मी ते उघडायच्या आधीच एक गिऱ्हाईक आलं. पोराचा शर्ट न्यायला. त्यांचा पोरगा याच वर्गात. मला म्हणतात, 'काय सुरेख लिहिलंय हो कुणीतरी, शिंप्याच्याच घरचं दिसतंय.' आणि असं म्हणत शर्टाचं काज डोळ्यांजवळ नेऊन बघतात."

"मी... नाव घातलं नव्हतं मी."

"शर्टावर नाव असतं का, बाई? तरी दोरीवर वाळत घातला की कुणाचा, ते गल्लीला कळतं."

मोठ्या बाईंनी पाण्याचा पेला पुढे सरकवला. तो नेमका कुणासाठी, हे दोघींनाही कळलं नाही.

"बाबांनी दीड वर्ष माझ्यापासून लपवलं. ते त्यांचं-माझं मी बघून घेईन. मी त्यांच्या मशीनवर चादर टाकली. म्हटलं, पुरे आता. ते एका शब्दानं बोलले नाहीत. ही पण बोलत नाही. तिघं जेवायला बसतो, तर जणू बसस्टॉपवर तीन अनोळखी माणसं." तिनं टेप गळ्यातून काढून बोटाला गुंडाळली, पुन्हा सोडली. "तिला वाटतंय, तिनं लिहिलं म्हणून आजोबांचं मशीन बंद झालं. रोज काहीतरी खरडायची ती, जुन्या बिलांच्या पाठीवर. तीन दिवस झाले, पेनाला हात लावलेला नाही."

"तुमची काय अपेक्षा आहे?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"माफी-बिफी नको मला. तिला लिहितं करा. तुमच्यामुळं थांबली, तुम्हीच सुरू करा."

ती गेल्यावर मोठ्या बाईंनी चष्मा काढला. "बाई, तुमचा हेतू मला माहितेय. पण पुढचं ठरेपर्यंत पत्र बंद."

मंगळवारी मधल्या सुट्टीत बाईंनी सुईला गाठलं. ती खिडकीशी उभी होती, डबा न उघडता.

"मी चुकले गं. तुला विचारायला हवं होतं."

सुई बाहेर बघत राहिली.

"काहीतरी बोल. रागाव तरी. काय चाललंय मनात?"

सुईनं मान वळवली, अगदी सभ्यपणे बाईंकडे पाहिलं आणि म्हणाली, "काही नाही, बाई."

नऊ वर्षं ज्या किल्ल्याला त्यांनी शिड्या लावल्या होत्या, त्याचं दार आज त्यांच्याच तोंडावर लागलं. तेही त्यांनीच लावून घेतलेलं.

*

त्या शुक्रवारी पत्र गेलं नाही. सोमवारी मुलांनी चिठ्ठ्या आणल्या, घरच्या कागदांवर, मागवल्या नसताना. 'पत्र मिळाले नाही. मुलगा म्हणतो, वर्गात काही झाले नाही. खरे काय?' लाल शाईवाल्या वडिलांच्या धाकट्या मुलीनं आणलेला कागद तर एवढाच: 'गैरहजर. कारण द्या.' मोठ्या बाईंनी तो वाचला, ओठ दाबून हसू आवरलं, पण हो म्हटलं नाही.

बाई संध्याकाळी चालत दुकानात गेल्या. त्यांनी मनात तीन भाषणं तयार केली होती. पायरी चढताना तिन्ही विसरल्या.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. भिंतीला हँगर, हँगरला अर्धवट कोट, त्यांच्या बाह्या पांढऱ्या दोऱ्यानं कशाबशा अडकवलेल्या. जमिनीवर चिंध्यांचा सडा. आई मधल्या टेबलावर कापड बेतत होती. तिनं मान वर केली, ओळखलं, कात्री थांबवली नाही. कोपऱ्यात खिडकीखाली पायमशीन, अंगावर फुलाफुलांची चादर पांघरून. शेजारच्या स्टुलावर आजोबा एक जुनी पँट उसवत बसले होते. उसवायला थरथर चालते.

"या, पत्रबाई," ते म्हणाले.

बाई दचकल्या. म्हणजे नाव इथपर्यंत आलं होतं.

"बसा. ती खुर्ची नको, तिच्यावर टाचण्या आहेत. मागच्या आठवड्यात एक वकील बसला आणि तीन मिनिटांत सगळं कबूल करून उठला."

"बाबा," आई कात्री चालवत म्हणाली.

"बरं, राहिलं." आजोबांनी टेबलाचा खण ओढला. आतमध्ये कागदी मापांच्या गठ्ठ्याखाली बाईंची पत्रं होती, या वर्षाची सगळी, तारखेनं लावलेली. "सुईची आई वाचून सही करते, मग वाचतो मी. म्हाताऱ्यानं दार का उघडलं नाही, यावर आमचं दोन दिवस भांडण चाललं होतं. सुई म्हणे भीती. मी म्हटलं, अगं, त्याला उठायचा कंटाळा आला असेल."

"आजोबा," बाई म्हणाल्या, आणि अडखळल्या. "तुमचं गुपित मी चव्हाट्यावर मांडलं. मला वाटलं, नाव नाही म्हणजे झालं."

आजोबांनी उसवलेला दोरा बोटानं ओढून काढला. बराच वेळ लागला. मग हँगरवरच्या कोटाकडे मान हलवली.

"तो कोट बघा. बाह्या कशा लावल्यात?"

"पांढऱ्या दोऱ्यानं. लांब लांब टाक्यांनी."

"कच्चे टाके. काळ्या कोटाला पांढरा दोरा, का? तर दिसावा म्हणून. उद्या गिऱ्हाईक येईल, अंगात घालील, आरशात बघील. म्हणेल, इथं टोचतंय, इथं सैल करा. मी म्हणेन, साहेब, झकास बसलाय. तो म्हणेल, अंगात मी आहे, तुम्ही नाही. मग मी टाका काढायचा, निमूट. याला ट्रायल म्हणायचं. पन्नास वर्षांत ट्रायलशिवाय एक कोट बाहेर गेला नाही माझा." त्यांनी बाईंकडे पाहिलं. डोळे सुईसारखेच, टोकदार. "तुम्ही माझ्या नातीचं माप अचूक घेतलंत. कापड सुंदर बेतलंत. पण पक्की शिलाई मारून कोट थेट चौकात नेलात, बाई. तिच्या अंगात घालून बघितलाच नाहीत."

कात्री थांबली होती.

"आणि बाबा, तुम्ही?" आई म्हणाली. "तुम्ही कुणाची ट्रायल घेतलीत? दीड वर्ष खिडकीत बसून उजेड शोधताय. मी काय आंधळी होते?"

"म्हणजे तुला ठाऊक होतं?" आजोबा.

"हाताचं ठाऊक होतं. वाटायचं, तुम्ही आपणहून सांगाल. काजं ही करते, हे नव्हतं माहीत. पोरीचा अभ्यासाचा वेळ काजात जातोय, आणि ते मला गिऱ्हाइकाकडून कळतंय!" तिनं कात्री ठेवली आणि पदरानं नाक पुसलं. "आणि काजं इतकी चांगली करते, हेही मला गिऱ्हाइकाकडूनच कळायचं होतं का?"

मागच्या दारातला पडदा हलला, आणि पडद्याखाली शाळेचे बूट दिसले.

आजोबांनीही ते पाहिले. आवाज मुद्दाम चढवून म्हणाले, "चादर काढशील का गं? काजं राहू देत. पण सरळ शिलाईला हात कुठं लागतात, पाय लागतात. आणि पाय अजून माझे आहेत."

आईनं पुन्हा कात्री उचलली. पण बाई निघताना त्यांना पोचवायला ती पायरीपर्यंत आली, हे काही कमी नव्हतं.

*

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंपुढे पत्रबाईंनी एकच मागणी ठेवली. "एक गुरुवार द्या. फसलं, तर मी स्वतः झेरॉक्सच्या मशीनवर चादर टाकीन."

मोठ्या बाईंना चादरीचा संदर्भ लागला नाही, पण गुरुवार दिला.

गुरुवारी वर्गात चाळीस कच्ची पत्रं वाटली गेली, आणि प्रत्येकाच्या हातात एक पेन्सिल. फळ्यावर बाईंनी मोठ्या अक्षरांत लिहिलं: ट्रायल.

"हे उद्या तुमच्या घरी जाणार," त्या म्हणाल्या. "यात तुमच्याबद्दल, तुमच्या घराबद्दल काही असेल आणि ते टोचत असेल, तर खोडा. कारण विचारणार नाही. मी म्हणेन झकास बसलंय. तुम्ही म्हणा, अंगात मी आहे."

"कुणाचं वाक्य छापणार, ते आम्ही ठरवायचं?"

"ज्याचं वाक्य, त्यानं. आणि वाक्यात घरचं दुसरं माणूस असेल, तर आधी त्याला विचारून यायचं."

एकच गलका उडाला. फ्रिजवाल्यानं जाहीर केलं की फ्रिजची परवानगी घ्यायला तो तयार आहे. 'वर्गात वाद झाला' या ओळीवर तिघांनी आक्षेप घेतला: वाद नव्हता, चर्चा होती, वाद म्हटलं की घरी चौकशी सुरू होते. बाईंनी 'वाद' खोडून 'जोरदार चर्चा' केलं. सुई पेन्सिल न उचलता बसून होती.

"या आठवड्याच्या चौकटीत मी माझंच लिहिलंय," बाई म्हणाल्या. "तोच विषय. न दिसणारं काम. मलाही ट्रायल पाहिजे." आणि त्यांनी वाचलं: "'मी चाळीस घरांना दर शुक्रवारी सांगते, तुमच्या मुलाला काय विचारा. माझ्या शिष्ट मुलाला मी रोज एकच प्रश्न विचारते, आणि उत्तर ऐकायच्या आधीच कुकर लावायला वळते. तो माझ्या पाठीशी बोलतो. ते त्याचं न दिसणारं काम.'"

बाईंना वाटलं, जमलं. चांगलंच जमलं.

तेवढ्यात दुसऱ्या बाकावरून आवाज आला, बारीक आणि सरळ. "बाई, तुम्ही त्याला विचारलंत का?"

"कुणाला?"

"तुमच्या मुलाला. हे छापायच्या आधी."

बाईंनी कागदाकडे पाहिलं. दहा दिवसांत शिकलेला धडा, चाळीस पोरांना आत्ता शिकवून झालेला धडा, आणि त्यांच्या स्वतःच्या हातातल्या कागदावर तोच घोळ पुन्हा.

"नाही," त्या म्हणाल्या.

"मग ट्रायल झाली नाही," सुई म्हणाली.

वर्ग असा हसला, की शेजारच्या वर्गातून गणिताचे सर डोकावून गेले. बाईही हसल्या, डोळे पुसून हसल्या. चौकट त्या आठवड्यात रिकामी गेली. तिच्यात एवढंच छापलं होतं: 'वाक्य ट्रायलला गेले आहे.' आणि सुईच्या तोंडाचा एक कोपरा, डावीकडचा, बाईंनी स्पष्ट पाहिलं, वर गेला होता.

घरी बाईंनी कुकर लावला नाही. स्वयंपाकघरातली खुर्ची ओढून मुलासमोर बसल्या आणि कागद पुढे केला. "वाच. आणि पेन्सिल घे."

त्यानं कानातली वायर काढली, दोन्ही बाजूंची. वाचलं. पुन्हा वाचलं.

"शिष्ट काढ," तो म्हणाला.

"शिष्ट आहेसच तू."

"असेन. पण हे तू चाळीस लोकांना सांगतेयस, मला कधी तोंडावर म्हटलं नाहीस."

बाईंनी 'शिष्ट' खोडलं. "आणि?"

"आणि काही..." तो थांबला. पेन्सिल बोटांत फिरवली. "म्हणजे आहे. बस जरा. आज आमच्या प्रॅक्टिकलला काय झालं माहितेय?"

भात त्या दिवशी उशिरा झाला. कुणाचीच तक्रार नव्हती.

*

पुढच्या गुरुवारी बाई वर्गात आल्या, तर टेबलावर एक कागद होता. जुन्या बिलाची कोरी पाठ, अक्षर ओळखीचं. वर डाव्या कोपऱ्यात टाचणी, अगदी सरळ लावलेली. मथळ्याच्या जागी लिहिलं होतं: 'कच्चे टाके. आजोबांनी बघितलंय. आईनं बघितलंय.'

'आमच्याकडे आता शनिवारी काजांचा तास असतो. एकच तास, अभ्यास झाल्यावर. आजोबा सांगतात आणि मी करते, आणि आई बघते आणि बघत नाही असं दाखवते. मशीनवरची चादर आता माझ्या पलंगावर आहे. आजोबा सरळ शिलाई मारतात तेव्हा मशीन आधीसारखंच वाजतं. मी डोळे मिटून ऐकलं, फरक कळला नाही.'

शेवटच्या वाक्यातला एक शब्द खोडलेला होता, पेन्सिलनं नव्हे, शिंप्याच्या निळ्या खडूनं. रेघ थरथरती होती, तिच्याखालचा शब्द वाचता येत होता. मूळ वाक्य होतं, 'मला फरक कळला नाही.' आजोबांनी 'मला' काढला होता. फरक कुणालाच कळायचं कारण नव्हतं.

बाईंनी सुईकडे पाहिलं. सुई वहीत काहीतरी लिहीत होती, मान खाली, समास ओलांडून.

"हे चौकटीत जाऊ दे?" बाईंनी विचारलं.

"टोचत नाही कुठं," सुई मान वर न करता म्हणाली. "जाऊ दे."

शुक्रवारी ते चाळीस घरी गेलं. सोमवारी मोठ्या बाईंनी शिपाईकाकांबरोबर निरोप पाठवला की झेरॉक्सच्या मशीनमध्ये नवी शाई भरली आहे, म्हणजे काय ते समजा. आणि सुईच्या दप्तरातून चिठ्ठी निघाली. टाचणी होती. सही होती. सहीच्या वर, वर्षात पहिल्यांदाच, दोन ओळी होत्या:

'पत्र मिळालं. दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला या वेळी मीच वाचून दाखवलं.'